पुढें काय वाचावें?

शिक्षक असतांना मीं एकदां एका विद्यार्थ्याच्या हातांतील नारायण धारपांची भयकथा काढून घेतली. तास व्याकरणाचा होता, तेव्हां त्यांत वावगें कांहीं नव्हतें. परंतु तास संपल्यावर पुस्तक परत देतांना मीं त्यास उपदेशच केला. ‘हें संपल्यावर पुढें काय वाचणार?’ असें कांहीं विचारलें नाहीं. त्यानंतर त्या मुलाच्या हातीं मला अवांतर पुस्तक दिसलें नाहीं. तेव्हां न विचारलेल्या त्या प्रश्नाचा विचार आज करूं.

अद्भुताचा वाचक एका पुस्तकांत रंगून जातो आणि तें संपलें कीं पोरका होतो. दुकानदार तशाच वेष्टनाचें दुसरें पुस्तक पुढें करतो. त्यांत भुतें तींच, वाडे तेच. गोडी मात्र नसते. म्हणून प्रथम स्वतःस विचारावें कीं, आपणांस धरून ठेवलें तें कशानें? भीतीनें, कोड्यानें, कीं निराळ्या सृष्टीनें? मग लेखकाच्या गुरूंचा व ऋणांचा माग काढावा.

धारपांचीच ‘लुचाई’ घ्या. तिचें मूळ स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’ ह्या कादंबरींत आहे. आणि किंग यांना ती सुचली ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’वरून. तो रक्तपिपासु सरदार अमेरिकेंतील आजच्या एखाद्या लहान गांवांत आला तर काय होईल, ही ती कल्पना. एका पुस्तकानें अशीं आणखी दोन दाखविलीं!

जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपण नांवानें आली होती. नारळीकर ज्यांस आवडतात, त्यांनीं त्यांचे केंब्रिजचे गुरु फ्रेड हॉइल यांची १९५७ सालची ‘द ब्लॅक क्लाउड’ अवश्य मिळवावी. आकाशांतून एक प्रचंड मेघ सूर्याकडे येऊं लागतो आणि शास्त्रज्ञ गणितें मांडूं लागतात. पुढचें सांगत नाहीं. सांगितल्यास आपली गंमत जाईल.

नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मधील निराळी सृष्टि ज्यांस भुरळ घालते, त्यांनीं उर्सुला ल ग्विन यांची ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) पाहावी. तेथें जादूसही नियम आहे: वस्तूचें खरें नांव ज्यास ठाऊक, त्याचीच तिच्यावर सत्ता.

ग्रंथालयांतही नुसती ‘भयकथा द्या’ असें म्हणूं नये. ‘ओळखीचें गांव हळूहळू परकें होतें, अशी कथा द्या,’ असें म्हणावें. ग्रंथपालास शोधणें सोपें जातें. नवख्या लेखकास पन्नास पानांची संधि द्यावी. मन रमलें नाहीं तर पुस्तक निःसंकोच परत करावें.

आणि घरांतील मुलाच्या हातीं असें पुस्तक दिसलें, तर त्यांतलें काय आवडलें एवढें त्यास विचारा. त्याच्या उत्तरांतच पुढच्या पुस्तकाचा पत्ता असतो. तो घेऊन त्याच्याबरोबर ग्रंथालयाची पायरी चढा. माझ्या हातून तेवढें राहून गेलें.