१७२९ चा बनाव

आपल्या छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड घ्या: ४३१००१. अंकांची बेरीज ९, आणि ९ ने पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी नाव दिलं ‘हर्षद’. १७२९ पण हर्षद बरं का! बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१. ९१ म्हणजे ७ गुणिले १३. विभाजक समोरच आहेत.

आता फर्माची चाचणी लावू. २ चा १७२८ वा घात करा, १७२९ ने भागा. बाकी १, अगदी मूळ संख्येसारखी! ३, ५ घेतले तरी तेच. आरएसए कुलपासाठी दोन मोठ्या मूळ संख्या लागतात. तिथे असली संख्या शिरली तर कुलूप कच्चं. म्हणून कोडमध्ये मिलर-राबिन चाचणी लावतात. ती १७२९ ला २ वरच पकडते.