हलगी वाजवणारा कुठे बसतो?

(नवी मुंबई येथे, कामासाठी इकडे आलेले गाववाले व जिल्ह्यांतून आलेले शेतकरी यांच्यासमोर केलेले भाषण)



सभेची सुरुवात हलगीने झाली. मग पोवाडा झाला, भीमगीत झाले, भजन झाले. तासभर कुणी कुणाची जात विचारली नाही. म्हणून कापसाच्या भावाचे नंतर बोलू, आधी गाण्याचे बोलू.

आपण कुठे बसलो आहोत तेही ध्यानात घ्या. इथून जवळच, उरण तालुक्यात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. ज्यांची जमीन गेली ते आगरी-कोळी इथले, आणि दुष्काळाने ज्यांना गाव सोडायला लावले ते आपले लोक बाहेरचे. दोघेही शेतीतूनच उठलेले, तरी एकमेकांकडे परक्यासारखे बघतात.

गाणे माणसे जोडते असे सगळेच म्हणतात. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. गाणे तोडतेही. १८९४ साली पुण्यात मशिदीसमोर वाद्ये वाजवण्यावरून दंगल झाली. दलित नवरदेवाची वरात वाजतगाजत जाते म्हणून ती वेशीवर अडवल्याचे प्रकार आपल्या खेड्यांनी पाहिले आहेत. आणि हलगी? लग्नाला हलगी, जत्रेला हलगी, मयतीलाही हलगी. वाजवणारा मातंग भाऊ मात्र मांडवाबाहेर. त्याच्या हलगीवर गाव शतकानुशतके नाचले, पण गावाने त्याला ओट्यावर घेतले नाही. नुसत्या सुराने पूल होत असता, तर तो कधीच झाला असता.

मग पूल होतो कसा? १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक निघाले. त्यात वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, मातंग. बार्शीचे अमर शेख, मुसलमान. तिसरे शाहीर द. ना. गवाणकर. बार्शी म्हणजे आपल्याच ज्वारीच्या पट्ट्यातले गाव. १९४६ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगे झाले, पुढच्या वर्षी फाळणीत देश पेटला. अण्णाभाऊंनी त्यावर ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ हा पोवाडा रचला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी गावोगाव सभा जागवल्या, आणि १ मे १९६० ला राज्य झाले. १९६९ साली जुलैत अण्णाभाऊ गेले, ऑगस्टमध्ये अमर शेख.

त्यांच्या फडात कुणी भाड्याने आणलेला वाजंत्री नव्हता. मातंगाने रचलेले मुसलमानाने गायले, आणि समोरच्या कामगार-शेतकऱ्यांनी ते आपले म्हणून ऐकले. ‘एक व्हा’ एवढा उपदेश करून ते थांबले नाहीत. भाकरी, मजुरी आणि पिळवणूक हे सगळ्यांचे दुखणे त्यांनी मांडले. पूल झाला तो त्यामुळे.

आता आपले बघू. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षे गावे दुभंगलेली राहिली. एका शिवारात ज्वारी काढणारे दोन हात एकमेकांना पाठमोरे झाले. एका बाजूला भजनी मंडळ, दुसऱ्या बाजूला भीमगीतांचे गायन पार्टी. पाऊस दोघांवरही सारखाच रुसत होता, व्यापारी दोघांचाही माल पाडूनच मागत होता.

एक कबुली द्यायची आहे. मागे एका जिल्ह्याच्या मेळाव्यात हलगीवाल्यांनी सभा उठवून दिली. टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी ते चौघे पत्रावळी घेऊन लिंबाखाली वेगळे बसले. त्यांना कुणी तिकडे बसा म्हटले नव्हते, आणि इकडे या असेही म्हटले नव्हते. आम्ही बघितले आणि भाव, कर्ज, वीज यांवरच बोलत राहिलो. त्या दिवशी आमचे भाषण खोटे झाले.

कापसात तुरीची ओळ घ्यायची तर आपण तिला जागा मोजून देतो. बांधावर फेकलेल्या बियाने मिश्र पीक होत नाही. म्हणून तीन गोष्टी मागतो. जिल्ह्याच्या प्रत्येक सभेत हलगीवाला, भीमगीतवाला, भजनी आणि कव्वाल यांना एकाच सतरंजीवर बसवा. त्यांची बिदागी ठरवून सभेआधी हातात द्या, धान्याची मूठ नको. आणि पंगतीत त्यांना आपल्या शेजारी घ्या. इथल्या गाववाल्यांनी पुढच्या सभेला आगरी-कोळी भावांनाही बोलवा, त्यांची गाणी ऐका, आणि १९८४ ची हकिगत त्यांच्याच तोंडून ऐका.

गाण्याने भाव वाढणार नाही. पण भावासाठी रस्त्यावर उतरायचे तर शेजारी कोण उभा आहे ते माहीत पाहिजे. आज जेवण तयार आहे. उठताना आधी बघा, हलगीवाला कुठे बसला आहे.