ओझ्याचा हिशेब

परिषदेच्या आरंभी नाइकीचे सहसंस्थापक बिल बॉवरमन यांचे स्मरण करायचे आहे. सैनिक उद्योजक झाला की ‘लष्करी शिस्तीचे फळ’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे; बॉवरमन यांच्याबाबतीत तेवढ्याने भागत नाही. ओरेगॉन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल खेळलेले, पाव मैल धावलेले बॉवरमन दुसऱ्या महायुद्धात दहाव्या माउंटन डिव्हिजनबरोबर इटलीत लढले. सिल्व्हर स्टारही मिळाला. मला मात्र पदकापेक्षा त्यांचे दुसरे काम मोलाचे वाटते : डोंगरात रसद पोचवायची आणि ती वाहणाऱ्या खेचरांची निगा राखायची. शिस्त लाखो सैनिकांनी अंगी बाणवली; ओझ्याचा हिशेब फार थोड्यांनी पुढे चालवला.

तो हिशेब त्यांच्या बुटांत दिसतो. धावपटूची ढांग सहा फुटांची धरली, तर मैलाला 880 ढांगा पडतात. प्रत्येक बुटातला एक औंस, म्हणजे जेमतेम 28 ग्रॅम, कमी केला की मैलभरात सुमारे 25 किलो उचलणे वाचते. ओरेगॉनचे प्रशिक्षक असताना ते आपल्या पोरांचे बूट उसवून पुन्हा शिवत, ते यासाठीच. 1971 मध्ये त्यांनी घरातल्या वॉफलच्या साच्यात युरेथेन ओतले. साचा चिकटून बसला आणि वाया गेला, पण खाचाखाचांच्या हलक्या तळव्याची वाट सापडली.

कुणी म्हणेल, युद्ध संपले 1945 ला, पुढे नाइकी झालेली कंपनी निघाली 1964 ला; खेचरांचा संबंध बुटांशी ओढूनताणून कशाला लावता? आक्षेप रास्त आहे. सरळ धागा दाखवता येत नाही. वृत्ती एकच आहे, इतकेच म्हणता येते. दुसरा आक्षेप, धंदा तर त्यांचे भागीदार फिल नाइट यांनी केला. केलाच. दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर घातले, तरी बॉवरमन यांनी 51 टक्के नाइटना देऊन स्वतःकडे 49 ठेवले. कारभार आपला नव्हे हे ओळखायलाही उद्योजकाचीच नजर लागते. स्वतःच्या देहाचा हिशेब मात्र त्यांनी ठेवला नाही. कोंदट खोलीत गोंद आणि द्रावकांच्या वाफांत काम करून त्यांच्या पायांच्या नसा दुखावल्या आणि पुढे धावणेच सुटले. म्हणूनच क्रीडासाहित्य बनवणाऱ्या कारागिरांच्या आरोग्याचा विषय आम्ही पहिल्याच सत्रात घेतला आहे. अध्यक्षांनी कामकाज सुरू करावे, ही विनंती.