दिलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी जवळ आली, की सांताक्रूझच्या सोसायट्यांमधल्या फलकांवर एक सूचना हमखास दिसते : ‘जुने कपडे, खेळणी, पुस्तकं रविवारी तळमजल्यावर आणून द्यावीत.’ पिशव्या जमतात, टेम्पो भरतो, कपाटात जागा होते आणि मनालाही बरं वाटतं. टेम्पो फाटकाबाहेर पडला, की आपल्यापुरता विषय संपतो. कपड्याचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो.

या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे निवड. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं दारातच होत आलं आणि ते करते बोहारीण. भांड्यांची पाटी घेऊन फिरणाऱ्या या बायका बहुतेक मूळच्या गुजरातमधल्या देवीपूजक समाजातल्या. साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची, शर्टाची कॉलर उलटून बघायची आणि मग म्हणायचं, ‘ताई, एवढ्यात पातेलं नाही बसत, अजून एक पँट टाका!’ आपल्याला ती चिकट वाटते. पण तिला तो कपडा धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकायचा असतो. धड कपडा एखाद्या मजुराच्या अंगावर जातो. खऱ्या जरीतली चांदी वेगळी निघते. फाटकं सुती कापड गॅरेजमध्ये तेल पुसायला जातं. पॉलिस्टर नीट शोषत नाही, म्हणून त्याला चिंधीचाही भाव मिळत नाही.

इंग्लंडमध्ये हे काम धर्मादाय दुकानांतून चालतं. ऑक्सफॅम या संस्थेचं असं दुकान ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७-४८च्या सुमारास सुरू झालं. लोकांनी दिलेल्या वस्तू विकायच्या आणि पैसा मदतकार्याला द्यायचा, अशी ही पद्धत. पण आलेलं सगळंच दुकानात विकलं जात नाही. उरलेलं वजनावर व्यापाऱ्यांना दिलं जातं आणि त्याच्या गासड्या जहाजाने दूरदेशी निघतात. घाना देशात अक्रा शहरी कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. तिथला छोटा व्यापारी गासडी न उघडताच विकत घेतो. आत फाटके, डागाळलेले कपडे निघाले, तर नुकसान त्याचं आणि कचरा त्याच्या शहराचा.

लोकरीचे कपडे आपल्याकडे पानिपतला येतात. अंगात घालता येऊ नयेत म्हणून ते आधीच कापलेले असतात. तिथे बायका त्यांची बटणं, चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रात पिंजून पुन्हा सूत निघतं. रंग निवडलेला असल्यामुळे ते नव्याने रंगवावं लागत नाही. त्या सुताची ब्लँकेटं भूकंपग्रस्तांना, पूरग्रस्तांना वाटण्यासाठी खरेदी होत आली आहेत. म्हणजे लंडनमधल्या कुणाचा तरी कोट इथे संकटातल्या माणसाचं पांघरूण होतो, पण तो निवडणारे हात असतात म्हणून.

निवड झाली नाही, तर काय होतं? २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ट्रक गेले. अनेक मच्छीमार कुटुंबांनी दुसऱ्याचे वापरलेले कपडे घ्यायला नकार दिला. कष्टाने कमावून खाणारी ती माणसं. घर गेलं होतं, मान गेला नव्हता. रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पडून राहिले. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेने ते ढीग पुढे निवडून मार्गी लावायचं काम केलं. हीच संस्था जुन्या सुती कापडापासून मासिक पाळीसाठी घड्या बनवते. गावाने विहीर, रस्ता असं आपल्या गरजेचं काम श्रमदानाने करायचं आणि त्याबदल्यात कपडे घ्यायचे, अशी तिची पद्धत आहे. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे सगळं दूरचं नाही. २६ जुलै २००५ला आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कालिना, कुर्ला भागात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांची गरज आठवून बघा. प्यायचं पाणी, कोरडं अंथरूण, शिजवायला भांडं, मुलांच्या वह्या-पुस्तकं आणि अंगाला बसेल असा एक जोड. ओल्या घरात कपड्यांचे गठ्ठे ठेवणार तरी कुठे?

तेव्हा देऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर द्या, पण निवडीचं ओझं घेणाऱ्यावर टाकू नका. काय हवं आहे, ते संस्थेला आधी विचारा. कपडे धुऊन द्या, तुटलेलं बटण लावा. बुटांचे जोड दोरीने बांधा, नाहीतर एक बूट एका पोत्यात आणि दुसरा दुसऱ्यात जातो. साडीबरोबर परकर द्या. पूर, भूकंप झाला, तर पहिल्या दिवसांत पैसे अधिक उपयोगी पडतात, कारण लागेल ते जवळच घेता येतं. आणि फाटकं सुती कापड आपल्याच घरी लादी पुसायला ठेवा.

पुढच्या रविवारी पिशवी भरताना प्रत्येक कपडा बोहारणीसारखा एकदा उजेडात धरून बघा. ती ज्याला नको म्हणेल, ते संकटातल्या माणसाला तरी का पाठवायचं?