रक्तदाबाचं मूळ मूत्रपिंडात

रक्तदाब म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. पण १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन या संशोधकांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. इतका मोलाचा शोध, तरी कित्येक वर्षं अडगळीत पडला! १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट या डॉक्टरांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा चिमुकला चिमटा बसवला. त्याचा स्क्रू पिळून धमनी अरुंद केली, की रक्तदाब चढायचा आणि चढलेलाच राहायचा; कारण रक्त कमी मिळालं, की मूत्रपिंड रेनिन सोडतं. उच्च रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांत आजही एकच एक कारण सापडत नाही; पण त्यावरच्या अनेक गोळ्या रेनिनपासून सुरू होऊन रक्तदाब चढवणाऱ्या साखळीवरच काम करतात. बरं वाटतंय म्हणून त्या आपल्या मनानं बंद करू नका.