बालकांस दानाचे शिक्षण
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज येथे मुलांचा गुणगौरव झाला. त्याच मुलांविषयी, परंतु निराळ्या अंगाने, चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. मिळवावे कसे हे मुलांना शिकविण्यात आपण कसूर करीत नाही. द्यावे कसे हे मात्र ती आपोआप शिकतील असे धरून चालतो. शाळेतून मूल मदतनिधीचा छापील कागद घेऊन येते. त्यावरील दहा ओळींत वडील घरच्या माणसांची नावे घालतात आणि रक्कम भरून मोकळे होतात. पैसे पोहोचतात, पण मुलाच्या हातून दान घडत नाही.

भुकेल्यास अन्न द्यावे हे लहान मुलास सांगावे लागत नाही. रोगावरील संशोधनास पैसे देणे ही गोष्ट तितकी सोपी नाही, कारण तेथे हात पुढे करणारा कोणी दिसत नाही. अशा वेळी विहिरीचे उदाहरण द्यावे. रुग्णाच्या औषधास दिलेला पैसा म्हणजे तहानलेल्यास दिलेला तांब्याभर पाणी. संशोधनास दिलेला पैसा म्हणजे विहीर खणण्यास लावलेला हात. पाणी लागेलच असे नाही. लागले तर ते आपण कधीही न पाहिलेल्या माणसांच्या मुखी जाईल. दोन्ही दाने आवश्यक आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झाले, उपचार आणि संशोधन एकाच आवारात नांदले, ते याच जाणिवेने.

या विषयात पोलिओची हकीकत मुलांना अवश्य सांगावी. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे पाय १९२१ साली आजाराने लुळे पडले. तो आजार पोलिओ असल्याचे डॉक्टरांचे निदान होते. त्यांनी १९३८ साली या रोगाविरुद्ध एक संस्था स्थापिली. एडी कँटर या नटाने नभोवाणीवरून आवाहन केले की, प्रत्येकाने एक ‘डाइम’, म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा, थेट अध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावा. त्या पहिल्या मोहिमेत तेथे सुमारे २६ लाख ८० हजार नाणी येऊन पडली. पुढे याच संस्थेच्या पैशावर डॉ. साल्क यांनी लस सिद्ध केली आणि डॉ. सेबिन यांच्या संशोधनासही तिचे साह्य मिळाले. आपल्या देशात १९९५ पासून मुलांच्या जिभेवर जे थेंब पडले, ते सेबिन यांच्या पद्धतीच्या लसीचे. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. सातासमुद्रापलीकडच्या नाण्यांचे पुण्य अशा रीतीने आपल्या अंगणापर्यंत आले.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपल्यालाही नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना निघाला. ही आपल्याच भूमीतील गोष्ट आहे.

परंतु या हकीकतीचा केवळ गोड भाग सांगू नये. १९५४ साली साल्क यांच्या लसीच्या चाचणीत सुमारे १८ लाख मुलांनी भाग घेतला. त्यांतील कित्येकांना लसीऐवजी निव्वळ निरुपयोगी द्रव टोचला गेला. कोणास काय मिळाले हे टोचणारासही ठाऊक नव्हते. लस न मिळालेल्या त्या मुलांवाचून लसीचा गुण सिद्ध झाला नसता. पुढल्याच वर्षी एका कारखान्याच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेले आणि काही मुले पांगळी झाली, काही दगावली. त्यानंतर तपासणीचे नियम कडक झाले. विज्ञान चुकते आणि चूक शोधून सुधारते, हे मुलास कळले म्हणजे त्याची श्रद्धा डोळस होते.

अमेरिकेतच अलेक्झांड्रा स्कॉट नावाची बालिका होती. पहिला वाढदिवस होण्यापूर्वीच तिला कर्करोग असल्याचे कळले. २००० साली, चार वर्षांची असताना, तिने घरासमोर लिंबूसरबताचे दुकान मांडले. आपल्यासारख्या मुलांवर डॉक्टरांना औषध शोधता यावे म्हणून. पाहता पाहता इतर मुलांनीही तशी दुकाने मांडली आणि दहा लाख डॉलरांहून अधिक निधी जमला. २००४ साली, आठव्या वर्षी, ती गेली. ‘मग पैसे वाया गेले का?’ असे मूल विचारील. तेव्हा विषय बदलू नये. तिला ते औषध वेळेवर मिळाले नाही, पण तिच्या मागून येणाऱ्यांसाठी शोध चालू राहिला, असे सरळ सांगावे. दानाने मृत्यू टळतोच असे सांगून मुलाची समजूत घालणे म्हणजे पुढे त्याचा विश्वास मोडणे होय.

आता घरातील रीतीविषयी. पाच-सहा वर्षांच्या मुलास खाऊच्या पैशातील एक नाणे स्वतः डब्यात टाकू द्यावे. दहा वर्षांच्या मुलाने डब्याचा हिशेब वहीत लिहावा, पावती चिकटवावी आणि संस्था तो पैसा कशावर खर्चिते हे वडीलधाऱ्यांस विचारावे. असा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो जबाबदारीचा आहे. निधी गोळा करण्यास मुलांनी अनोळखी दारी एकटे जाऊ नये. कोणाचा डबा अधिक भरला याची चढाओढ लावू नये; ज्याच्या घरी देण्यास थोडे आहे त्या मुलाची मान त्यामुळे खाली जाते. आणि आजारी मुलास व्यासपीठावर उभे करून कोणाच्या डोळ्यांत पाणी आणू नये. तो आपला सोबती आहे. दयेचे प्रदर्शन नव्हे.

शेवटी एक गोष्ट याच मंडपात बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपली संस्था ज्ञातीतील विद्यार्थ्यांस साह्य करते, ते योग्यच आहे. परंतु रोग ज्ञात विचारून घरात शिरत नाही आणि लसही कोणाचे आडनाव विचारीत नाही. डाइम पाठविणाऱ्या बालकांनी आपल्या मुलांचे कुळ विचारले नव्हते. म्हणून आमची सूचना अशी की, पुढील मेळाव्यात मुलांचा एक स्वतंत्र डबा असावा. त्याचा हिशेब मुलांनीच वाचावा आणि ती रक्कम ज्ञातीच्या निधीत न घालता सर्वांसाठी चालणाऱ्या एखाद्या संशोधनकार्यास पाठवावी. रक्कम लहान असेल. परंतु आपण न पाहिलेल्या माणसासाठी काही द्यावे, हा संस्कार त्या डब्याबरोबर घरोघर जाईल. तो रुजविण्याचे काम आपणा वडीलधाऱ्यांचे आहे, एवढे नम्रपणे सांगून आम्ही आपली रजा घेतो.