मुका मार म्हणण्याआधी

पोंभुर्ण्याच्या पट्ट्यात उन्हाळा लागला की मुलं आंब्यावर, चारावर चढतात आणि एखादं खाली येतं. तळहात टेकून पडलेल्या मुलाचं मनगट सुजतं. घरचे म्हणतात, ‘बोटं हलव पाहू.’ बोटं हलली की सगळे निश्चिंत. मुका मार आहे, हळद लावा!

हे चुकतं. बोटं हलवतात स्नायू आणि नसा. त्या शाबूत असल्या तर हाड मोडूनही बोटं हलतात.

बांबू इथं कुणाला शिकवायला नको. ओला बांबू वाकवला तर त्याचे दोन तुकडे होत नाहीत. एका अंगानं तो चिरतो, दुसऱ्या अंगानं नुसता वाकतो. लहान मुलाचं हाड पुष्कळदा असंच मोडतं, म्हणून हात फारसा वाकडा दिसत नाही. वाळलेला जुना बांबू मात्र जरा धक्का लागला की कडकन जातो. आजी अंगणात घसरते, तेवढ्यानं मनगट किंवा खुबा मोडतो. मनगटाच्या या मोडीचं वर्णन आयर्लंडच्या अब्राहम कोलीस यांनी 1814 मध्येच केलं होतं. एक्सरे सापडला 1895 मध्ये. म्हणजे नुसत्या नजर आणि बोट यांवर इतकं ओळखता येतं.

काय बघायचं? हाडावर नेमक्या एका जागी दाबलं की कळ येते का. पाय मुरगळला असेल तर घोट्याच्या हाडाची मागची कड दाबून बघा. तिथं दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्सरे हवाच. ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेला हा नियम आहे.

आता कामट्या. आधाराला जरूर बांधा, पण करकचून नको. सूज वाढते, रक्त अडतं, काही तासांत स्नायू मरू लागतात आणि हाताचा पंजा कायमचा आखडतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी हे 1881 मध्ये लिहून ठेवलं. बोटं गार पडली, फिकी झाली, बधिर झाली, सरळ करताना मूल किंचाळलं, तर बांधलेलं लगेच सोडा.

पुन्हा सांगायला हवं: बोटं हलली म्हणजे हाड शाबूत, असं नाही.

अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटं हाड असतं. त्याची मोड पहिल्या एक्सरेत दिसेलच असं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा काढावा लागतो. तेव्हा चोळू नका, ओढून बसवू नका. हात झोळीत घ्या, 108 ला फोन करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.